खिशातून फी न भरता, उलट फेलोशिप घेऊन पीएच.डी.: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या जीवशास्त्राच्या मुलामुलींसाठी

आपल्याकडे एमएस्सी झालेल्या पोराला किंवा पोरीला घरचे दोन प्रश्न विचारतात: नोकरी कधी आणि लग्न कधी. पीएच.डी.चं नाव काढलं की तिसरा येतो, "अजून किती वर्षं फी भरायची?" या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी नीट देत नाही म्हणून कितीतरी हुशार मुलं मेडिकल कंपनीच्या एमआरच्या नोकरीला लागतात. तेव्हा आधी तेच सांगते. जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जनुकशास्त्र, रेण्वीय जीवशास्त्र या विषयांत चांगल्या संशोधन संस्थेत पीएच.डी. करताना पैसे खिशातून जात नाहीत, तुम्हाला मिळतात; संस्थेची फी असली तरी ती फेलोशिपच्या मानानं थोडी असते. १ जानेवारी २०२३ पासून केंद्र सरकारच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा, म्हणजे जेआरएफचा, दर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर झाल्यावर ४२,००० रुपये आहे. हॉस्टेल मिळालं नाही तर घरभाडे भत्ता वेगळा.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, पीयूसीला (अकरावीला) पहिल्यांदा सायन्स इंग्रजीत ऐकलं आणि पुढे याच वाटेनं गेले. वाटेत जे कुणी सांगितलं नाही ते इथं लिहिते आहे.

१. आधी हे ओळखा: प्रवेश वेगळा, पैशाची जागा वेगळी

"पीएच.डी.ला ॲडमिशन मिळालं" या वाक्याला एकट्याला काही अर्थ नाही. विद्यापीठात नोंदणी झाली आणि फेलोशिप नाही, अशी माणसं आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. दिवसा कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतात, रसायनं स्वतःच्या खिशातून आणतात आणि सहा वर्षांनी थकतात. त्यांना दोष नाही, पण तुम्ही त्या रांगेत नकळत उभं राहू नका.

कुठलीही जागा समोर आली की तीन गोष्टी विचारा. पैसे कोण देणार? किती वर्षं देणार? आणि ते कुणाच्या नावावर आहेत, तुमच्या की प्रोजेक्टच्या? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रोजेक्टमधली जेआरएफ किंवा प्रोजेक्ट असोसिएटची जागा जाहिरातीत अगदी फेलोशिपसारखीच दिसते. मुलाखत होते, महिन्याला पैसेही येतात. पण प्रोजेक्ट संपला की पैसे संपले, आणि पीएच.डी.ची नोंदणी त्यात आपोआप होत नाही. अनुभवासाठी ही जागा उत्तम. तिला पीएच.डी. समजून वर्षं घालवू नका, एवढंच.

आणि एक सरळ नियम: जो तुमच्याकडे "रजिस्ट्रेशन", "प्रोसेसिंग" किंवा "पेपर पब्लिश करून देतो" म्हणून हजारो रुपये मागतो, तो तुम्हाला फेलोशिपची जागा देत नाहीये. परीक्षेची, अर्जाची आणि संस्थेची ठरलेली फी सोडली तर या वाटेवर दलालाला काही काम नाही.

२. परीक्षा: कोणती कशासाठी

सीएसआयआर-नेट, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची पात्रता परीक्षा, विषय लाइफ सायन्सेस. हाच मुख्य दरवाजा. पेपर २०० गुणांचा, तीन तासांचा. भाग अ मध्ये सामान्य गणित-तर्काचे २० पैकी १५ प्रश्न, भाग ब मध्ये ५० पैकी ३५, दोन्हीकडे प्रत्येकी २ गुण. भाग क मध्ये ७५ पैकी फक्त २५ सोडवायचे, पण प्रत्येकी ४ गुण. म्हणजे निम्मा पेपर भाग क मध्ये आहे. क्लासच्या नोट्स पाठ करून भाग ब निघतो, क निघत नाही. तिथं प्रयोग दिलेला असतो, आलेख दिलेला असतो आणि त्यातून काय निष्कर्ष निघतो ते विचारतात. अभ्यासक्रमाचे तेरा घटक आहेत. ते सगळे करायला जाऊ नका. सहा-सात पक्के करा आणि त्यांतले भाग क चे जुने प्रश्न सोडवा. चुकलं की गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे टिक नको.

इथला मोठा सापळा निकालाच्या दिवशी दिसतो. गावात पेढे वाटले जातात, "नेट पास!" पण नेटच्या निकालात आता तीन गट असतात: जेआरएफसह पात्र, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. नेटचा फेलोशिपचा पैसा पहिल्या गटालाच. तिसऱ्या गटात असाल तर मुलाखतीचा दरवाजा उघडतो, पण पैसे संस्थेकडून मिळणार का हे वेगळं विचारावं लागतं. जेआरएफला वयाची अट आहे, म्हणून "दोन वर्षं नोकरी करून मग बघू" म्हणणाऱ्यांनी आधी जाहिरातीतलं वय बघावं. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो; तो कराच.

डीबीटीची, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची, बायोटेक्नॉलॉजी पात्रता परीक्षा, बीईटी. यात दोन याद्या लागतात. पहिल्या यादीतल्यांना देशात कुठल्याही मान्य संस्थेत फेलोशिप घेऊन जाता येतं. दुसऱ्या यादीतल्यांना ती डीबीटीच्या प्रोजेक्टमध्येच वापरता येते. निकाल बघताना यादी कोणती ते बघा.

जीबिल्स. नाव विचित्र आहे, पण ही परीक्षा मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, टीआयएफआर, घेते आणि तिच्यातून बेंगळुरूच्या एनसीबीएससारख्या (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) संस्थांत मुलाखतीला बोलावतात. परीक्षा साधारण डिसेंबरात होते. आपल्याकडच्या कॉलेजांत या परीक्षेचं नावही कुणी घेत नाही. पाठांतर कमी आणि विचार जास्त अशी ती आहे. नेट न निघालेला पण डोकं चालवणारा मुलगा इथं निघू शकतो.

गेट. जीवशास्त्राला एक्सएल किंवा बीटी पेपर. गुण तीन वर्षं चालतात. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या (बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था) मुलाखतीला उपयोगी.

शिवाय विद्यापीठात एमएस्सीला पहिला क्रमांक आला असेल तर केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची (डीएसटी) इन्स्पायर फेलोशिप. तुमच्या वर्गात कुणाचा पहिला क्रमांक आला असेल तर त्याला हे सांगा. बहुतेकांना सुवर्णपदकाचा फोटोच तेवढा माहीत असतो.

३. कुठं जायचं

आपण सीमेवर राहतो याचा इथं फायदाच आहे. उत्तरेला पुणे: आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था), एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा), एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र), आघारकर संशोधन संस्था. दक्षिणेला बेंगळुरू: आयआयएस्सी, एनसीबीएस, जेएनसीएएसआर. पूर्वेला हैदराबादचं पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्राचं केंद्र सीसीएमबी, नवी मुंबईत खारघरला कर्करोगावर काम करणारं ॲक्ट्रेक, खाली गोव्यात दोना पावलाला समुद्रविज्ञानाची संस्था एनआयओ. धारवाडला आयआयटी आहे आणि तिथं जीवशास्त्राचा विभागही आहे. खुद्द बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्था आहे, जिच्यासमोरून रोज बसनं जाणाऱ्यांना ती काय करते हे ठाऊक नसतं.

दरवर्षी कुणीतरी हमखास विचारतं, "पुण्यात करायचं तर महाराष्ट्राचं डोमिसाइल लागेल काय?" आयसर, एनसीएल, एनसीसीएस या केंद्राच्या संस्था. तिथं तुम्ही निपाणीचे की नांदेडचे, काही फरक पडत नाही. डोमिसाइलचा प्रश्न येतो तो महाराष्ट्र सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपला: सारथी, बार्टी, महाज्योती. तिथं सीमाभागातल्यांबद्दल त्या वर्षीच्या जाहिरातीत काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा आणि लेखी विचारा. कुणा पुढाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर अर्ज भरू नका.

संस्था ठरवताना इमारत बघू नका, लॅब बघा. त्या मार्गदर्शकाची मागच्या तीन-चार वर्षांतली प्रकाशनं बघा, पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का बघा. आणि तिथल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करून फक्त एक विचारा: "तुमच्या लॅबमधून शेवटचा माणूस किती वर्षांत बाहेर पडला?" उत्तर द्यायला तो थांबला तर तेवढ्यावरून समजून जा.

४. कागदपत्रं: आपल्याकडची खास भानगड

हा भाग मी लांबवणार आहे, कारण बाकीचं कुठंही वाचायला मिळेल, हे नाही.

लागणारे कागद: एसएसएलसी (दहावी), पीयूसी, बीएस्सी आणि एमएस्सीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, सीजीपीएचे टक्के करून देणारं विद्यापीठाचं पत्र, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, आधार, पासपोर्ट, फोटो, मायग्रेशन सर्टिफिकेट, आणि परदेशासाठी विद्यापीठाचं सीलबंद ट्रान्सक्रिप्ट.

*नाव.* एसएसएलसीवर "संतोष एम. पाटील", बीएस्सीवर "पाटील संतोष मारुती", आधारवर "संतोष मारुती पाटील". आपल्या घराघरात हे आहे. परीक्षेच्या अर्जात एसएसएलसीवरचं नाव अक्षर न् अक्षर टाका, आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. जुळत नसतील तर नोटरीचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. निवड झाल्यावर पळापळ केली तर रुजू होण्याची तारीख निघून जाते.

*गाव.* १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदांत बेलगामचं बेळगावी झालं. (१ नोव्हेंबर म्हणजे आपल्याकडचा काळा दिन, ते वेगळं सांगायला नको.) जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं असेल तर घाबरू नका, हे नामांतर सरकारी आहे. पण परदेशी अर्जात सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा.

*विद्यापीठ.* राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० ला झालं. त्याआधी शिकलेल्यांची पदवी कर्नाटक विद्यापीठ, धारवाडची आहे, आणि त्यांचं ट्रान्सक्रिप्ट धारवाडलाच मिळणार. वेळ लागतो, अर्जाच्या मुदतीच्या बऱ्याच आधी चलन भरा.

*जात.* इथं चांगली चांगली माणसं अडकतात. २ए, ३ए, ३बी हे कर्नाटक राज्याचे गट. केंद्राची ओबीसी यादी वेगळी. राज्यात ३बी मिळालंय म्हणून नेटच्या अर्जात ओबीसीवर टिक करू नका. केंद्राच्या यादीत, कर्नाटकाच्या पानावर, तुमची जात आहे का ते आधी बघा. असेल तर महसूल खात्याच्या नाडकचेरीतून केंद्राच्या नमुन्यातला, इंग्रजीतला, नॉन-क्रीमीलेअरचा दाखला घ्या. नुसता कन्नड दाखला मुलाखतीच्या टेबलावर चालत नाही. नसेल तर ईडब्ल्यूएसमध्ये बसता का बघा आणि तो दाखला चालू आर्थिक वर्षाचा घ्या. दाखल्यावर आरडी नंबर असतो, तो ऑनलाइन उघडतो का हे घरीच तपासा. आणि कोल्हापूरच्या मामांकडे कुणबी दाखला आहे म्हणून तुमचं काम होत नाही. दाखला वडिलांच्या बाजूनं आणि आपल्या राज्यातनं चालतो.

५. हात कुठं बसवायचा

आपल्या कॉलेजांतलं खरं दुखणं प्रॅक्टिकल. पीसीआरचं यंत्र असतं, पण कपाटात. वर्गातली चाळीस मुलं एका जेलभोवती उभी राहून बघतात आणि जर्नलमध्ये आकृती काढतात.

तिन्ही विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. बीएस्सी-एमएस्सीच्या मुलांना दोन महिने देशातल्या चांगल्या लॅबमध्ये जाता येतं, पैसेही मिळतात. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणजे आपल्याकडे सगळ्यांचं लक्ष भलतीकडे असतं तेव्हा. एमएस्सीचं डेझर्टेशन शक्य असेल तर कॉलेजबाहेरच्या संस्थेत करा. तेही नाही जमलं तर एक तंत्र तरी स्वतःच्या हातानं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. दहा तंत्रं बघितलेल्यापेक्षा एक केलेला मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

६. शिफारसपत्र आणि ईमेल

सर "तूच लिहून आण, मी सही करतो" म्हणतील. मग त्यांना निदान मुद्दे लिहून द्या: कोणता प्रयोग केला, काय फसलं, कसं सोडवलं. "हुशार, नम्र आणि मेहनती" असं पत्र कुणी वाचत नाही. दुसरी अडचण पत्त्याची: बऱ्याच पोर्टलना शिफारस करणाऱ्याचा संस्थेचा ईमेल लागतो, आणि आपल्या मॅडमचा जीमेलच असतो. त्यांना कॉलेजचा ईमेल चालू करून घ्यायला महिनाभर आधी सांगा. पेढ्यांचा पुडा नंतर द्या.

मार्गदर्शकाला लिहिताना एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला की तो कळतो. तीन छोटे परिच्छेद पुरे: मी कोण, तुमच्या अमुक कामातला कोणता प्रश्न मला पुढे न्यावासा वाटतो, माझ्या हातात काय आहे. "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड" यानं सुरुवात नको.

७. मुलाखत

पुण्याला रात्रीची बस, बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्सप्रेस. आयआयएस्सीला जायचं तर यशवंतपूरला उतरा, जवळ पडतं. एक दिवस आधी पोचा.

आत काय होतं ते सांगते. आपल्याकडची एमएस्सीची निम्मी डेझर्टेशनं एकाच साच्याची असतात: अमुक झाडाच्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क आणि जिवाणूंवर त्याचा परिणाम. प्लेटवर भोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, मिलिमीटर मोजले, निष्कर्ष काढला. पहिला प्रश्न ठरलेला: "नुसतं मिथेनॉल टाकून बघितलं होतं का?" कारण जिवाणू मिथेनॉलनंही मरू शकतात. तो कंट्रोल ठेवला नसेल तर तसं सांगा, आणि आता ठेवायचा झाला तर कसा ठेवाल तेही सांगा. तिथं थापा चालत नाहीत. कबूल करून पुढे विचार करणारा माणूस त्यांना चालतो.

मग फळ्यावर बोलावतात. "सहा हजार बेसजोड्यांचं वर्तुळाकार प्लाझ्मिड आहे. डीएनए कापणाऱ्या इकोआर-वन एन्झाइमच्या दोन जागा आहेत. कापलं. जेलवर किती पट्टे?" घाईत तीन म्हणतात, कारण सरळ डीएनएची सवय असते. वर्तुळाला दोन ठिकाणी कापलं की दोनच तुकडे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा: "एकच पट्टा दिसला तर?" तो तीन हजारांवर असेल तर दोन्ही तुकडे सारख्या लांबीचे, सहा हजारांवर असेल तर एकच जागा कापली गेली. आणि दोनापेक्षा जास्त पट्टे आले तर कापणं अर्धवट राहिलं असेल. उत्तर चुकलं तरी चालतं, मोठ्यानं विचार करत राहा. गप्प उभं राहिलात की त्यांना काही कळत नाही.

इंग्रजीची भीती असेल तर आपलं डेझर्टेशन आधी घरी मराठीत समजावून सांगा, आईला किंवा धाकट्या भावाला. मराठीत नीट सांगता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाहीच.

८. परदेश

जर्मनीत बऱ्याच जागा नोकरीच्या कराराच्या असतात. जीवशास्त्रात ई-१३ या श्रेणीच्या ६५ टक्के पगाराचा करार सर्रास दिसतो. पगार ६५ टक्के, काम मात्र पूर्ण, हे आधीच समजून घ्या. मॅक्स प्लांक संस्थांच्या आयएमपीआरएस या पीएच.डी.च्या शाळा, हायडेलबर्गची युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळा ईएमबीएल, व्हिएन्ना बायोसेंटर यांच्या एकत्रित प्रवेशफेऱ्या असतात. एका अर्जात अनेक लॅब. युरोपातल्या मारी क्युरी डॉक्टोरल नेटवर्कच्या जागांना एक अट आहे: ज्या देशात जायचं तिथं मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. आपल्या गावातून पहिल्यांदा निघणाऱ्याला ही अट सोयीचीच.

ब्रिटनची "फुल्ली फंडेड" जागा दिसली की थांबा. कधी कधी स्टायपेंड असतो, पण फी स्थानिक विद्यार्थ्याच्या दरानंच भरली जाते आणि फरक तुमच्या गळ्यात पडतो. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधी देणाऱ्या यूकेआरआयच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवतात. अमेरिकेत मुदत बहुधा १ डिसेंबरच्या आसपास, पहिल्या वर्षी लॅब बदलून बघता येतात. पण तिथल्या सरकारी प्रशिक्षण अनुदानातल्या जागा अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांनाच असल्यामुळे परदेशी मुलांची स्पर्धा कडक. अर्जाची फी माफ करून मागता येते, लाजू नका.

पासपोर्टसाठी बेळगावातच पोस्टाचं केंद्र आहे. जर्मनीचा व्हिसा कर्नाटकवाल्यांना बेंगळुरूच्या वाणिज्य दूतावासाकडून. निपाणीहून कोल्हापूर हाकेच्या अंतरावर असलं तरी मुंबईची फाइल आपली नव्हे.

९. रुजू झाल्यावर

फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पुढच्या महिन्याला पैसे आले असं नाही. रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शकाची सही, संस्थेचा शिक्का, बँकेची जोडणी, यात कुठंही कागद अडकला की पहिले काही महिने कोरडे जातात. बेंगळुरूत खोलीचं डिपॉझिट कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढं मागतात. घरी हे आधी सांगून तेवढी सोय करून ठेवा, आणि हॉस्टेलच्या यादीत पहिल्याच दिवशी नाव घाला. हॉस्टेल मिळालं नाही तर तसं संस्थेकडून लेखी घ्या. घरभाडे भत्त्याच्या कागदाला तेच जोडावं लागतं. दोन वर्षांनी सीनिअर होताना समिती बसते आणि कामाचा अहवाल मागते, म्हणून लॅबची वही पहिल्या दिवसापासून तारीख घालून लिहा. फसलेले प्रयोगही.